आठ पायाची डब्बी

हॅलो?… कोण, वर्षा? हो, मीच, तुही आजी. हंसाबाईचा फोन दुसरं कोण उचलन?… काहून रडून राह्यली वं?… उद्या परीक्षा, अन सर्किट चालत नाई. बरं, मले सांग.

समजत का नाई, ते मले पाहू दे… हो… हो… इकडे जेवढं व्होल्टेज, तेवढंच तिकडे दिसाले पाह्यजे. पण इकडची तार तिकडे लागाले नाई पाह्यजे. मागं लागली, त कॉलेजचा लॅपटॉप जळला, आठवते मले… मंग मधात ट्रान्सफॉर्मर काहून नाई लावत?… अच्छा, बॅटरीचा सरळ करंट त्याच्यातून जातच नाई.

मंग जाते कायनं?… उजेडानं? एका बारक्या डब्बीत इकडे दिवा, तिकडे डोळा, मधात तार नाई. वा वं पोरी.

मंग बिघडलं काय?… दिवा तापला का मंद होते, पाचाचे चार दिसतात…

आयक, आमच्या तांड्यात असंच झालतं… अवं दोनच मिनटं. लग्न होतं, नाल्याले पूर. वऱ्हाड तिकडे, गाणं इकडे. सांज पडलेली, पुरात काही आयकू जाये ना. मंग म्या कंदील धरला. गाणं जोरात, त वात मोठी. तिकडे वऱ्हाडात नाचणारी मथुरा उजेड पाहून तेवढ्याच जोरात नाचे… खरं सांगून राह्यली, नवरदेवाचा घोडाही नाचे. पण काच काजळली, मथुरा ढिली पडली. मंग तिची जुळी बहीण नलू, तिले म्या इकडेच कंदिलासमोर उभी केली. डोळे दोघींचे एकाच साच्यातले. नलू ढिली पडली का मी वात वाढवू, गाण्यावर आली का थांबू. तिकडे मथुरा आपोआप बरोबर.

…हॅलो? काय मोजून राह्यली?… डब्बीले पाय किती?… आठ. जोडले किती?… चार. दोन कामाचेच नाईत, बरं. उरलेले दोन?… दुसरा डोळा? दिव्याच्याच बाजूले? अन तू त्याले फालतू समजली.

जोड मंग… अन त्याचं पाहून वात सरकवाले माह्यासारखी म्हातारी लागन… हाय? ऑपॅम्प? कोणाकडची वं ते?… बरं, जोड. मी हाय फोनवर.

…किती?… इकडे दोन, तिकडे दोन. तापू दे जरा… चार, चार… अन पाच?

पाच.

आता कायले रडते?… मथुरेचा नंबर? पेढे द्याले? अवं… नलू एकटीच होती, पोरी. अन लग्न झालतं भर उन्हाळ्यात, नाल्यात थेंब नाई… पण पाच त खरे आले ना? मंग जेव आता. ठेवते.