राणी हिराईची पेटी

बाबूभाई : आडवं झालं, उभं झालं, तिरपं झालं. गुरुजी, हे कपाट तुमच्या घरात जात नाई. दार बुटकं, अन् आत पाऊल टाकलं का समोर भिंत. वळवू कुठी?

गुरुजी : चौकटीला धक्का लावू नकोस, बाबू. त्या चौकटीसाठीच तर घर घेतलं मी. सागवान आहे, शंभर वर्षांचं.

बाबूभाई : मंग चौकटीत राहा, कपाट अंगणात ठेवतो.

गुरुजी : अरे! हे काय आलं अंगावर?

बाबूभाई : वटवाघूळ. माळ्यावर अजून दोन हायत. जुन्या भाडेकरूईले म्हातारा मास्तर उठवाले आला, म्हणून भडकले असतील.

गुरुजी : बास. चढव परत. सगळं सामान चढव, चंद्रपूरला जाऊ. झाली तेवढी शोभा पुरे.

बाबूभाई : काय म्हणले?

गुरुजी : काही नाही. पाणी दे.

बाबूभाई : नाई, मले साफ ऐकू आलं. परत चढव म्हणले.

गुरुजी : मे महिन्याच्या उन्हात माणूस काहीही बरळतो. तू ऐकलं नाहीस.

बाबूभाई : ऐकलं बी, अन् ध्यानात बी ठेवलं. इतिहास सोडला तं माह्या ध्यानात सगळं राह्यते.

गुरुजी : सातवीत नापास केलं, त्याचा सूड घेतोयस होय?

बाबूभाई : सूड कायचा? पास झालो असतो तं मास्तर झालो असतो, अन् रिटायर होऊन असंच घर घेऊन बसलो असतो. नापास झालो म्हणून आज टेम्पोचा मालक हावो. बोला, उतरवू का चढवू?

गुरुजी : उतरव. एकतीस वर्षं पोरांना वैरागडचा किल्ला शिकवला, छाती फुगवून शिकवला, आणि एक रात्र इथे कधी काढली नाही. आता पहिल्याच दुपारी पळालो, तर चंद्रपूरचं पोरगं न् पोरगं हसेल.

बाबूभाई : बरं. मंग हा नीलकंठशहा कुठी ठेवू?

गुरुजी : त्यात काय आहे?

बाबूभाई : तुम्ही सांगा ना! गठ्ठ्यावर नाव तुम्ही लिहिलं. मांगं वरोऱ्याच्या बँकेच्या साहेबाचं सामान नेलं, ते कसे, 'भांडे', 'कपडे' लिहून मोकळे झाले. तुम्ही गोंडराजे काऊन लिहिले?

गुरुजी : वाटलं, क्रमानं लिहिलं की गोंधळ होणार नाही. कोणत्या राजात काय आहे, त्याची यादी केली आहे मी. व्यवस्थित.

बाबूभाई : कुठी हाय यादी?

गुरुजी : बीरशहात.

बाबूभाई : अन् बीरशहा कुठी हाय?

गुरुजी : ते यादीत आहे.

बाबूभाई : वा रे वा! गुरुजी, तो रामशहा गळून राह्यला. हात लावला तं तेल लागलं. लोणचं दिसते.

गुरुजी : लोणचं नाही, माझी पुस्तकं आहेत त्यात. थांब... नाही. पुस्तकं आणि लोणचं. जागा उरली होती म्हणून बरणी मीच ठेवली.

बाबूभाई : आता पुस्तकं जेवताना वाचा. चव येईल.

मंगलीबाई : मास्तर, मी मंगली, समोरच्या घरची. थंडगार पानी आनलं. बाई कुठी हायत? बाई नाई दिसून राह्यल्या.

गुरुजी : येणार आहेत, मंगलीबाई. उद्याच्या एसटीनं.

मंगलीबाई : येऊ द्या बाप्पा. एकट्या मानसाचं घर मंजे चूल नसलेला रांधनीचा कोनटा. चौकातल्या फोनवाल्या पोराले सांगून ठेवलं, तुमचा फोन आला का मले हाक मारते.

बाबूभाई : गेली ती. गुरुजी, उद्याच्या एसटीनं? बाई तं मले असं काई बोलल्या नाईत.

गुरुजी : मलाही नाही बोलली. लोकांना काय सांगू? ती वरोऱ्याला गेली आहे, लेकीकडे, दिव्यानीकडे. जाताना म्हणाली, 'इतिहास तुमचा, गुडघे माझे. तुम्ही व्हा पुढे. चार वाजता तिथल्या चौकातल्या फोनवर बोलू, तेव्हा काय ते सांगते.'

बाबूभाई : घर घेताना बाईले विचारलं होतं का?

गुरुजी : सांगितलं होतं.

बाबूभाई : मी विचारलं का म्हणलो.

गुरुजी : तू सामान उतरव.

बाबूभाई : उतरवतो. झालंच आता.

गुरुजी : बाबू, एक विचारू? राणी हिराई दिसली नाही.

बाबूभाई : कोन?

गुरुजी : हिरवी पत्र्याची पेटी. तिच्या लुगड्यांची. तिच्यावर मी राणी हिराई लिहिलं होतं, सगळ्या राजांत एकच राणी. वाटलं, बघेल आणि हसेल. हसली नाही. पेटी चढवली होतीस ना? मी त्या वेळी रद्दीवाल्याशी भांडत होतो.

(बाबूभाई टेम्पोची दोरी गुंडाळू लागतो.)

गुरुजी : चढवलीच नाहीस. तिनं ठेवून घेतली. म्हणजे ती येत नाही. मी किती शहाणा बघ, सगळे राजे मोजून आणले आणि जिच्यामुळे घर चालतं तिलाच मागे सोडून आलो. खरं सांगतो, भीती वाटते मला. मला साधा वरणभातसुद्धा लावता येत नाही, आणि ते तर काहीच नाही, बोलू कोणाशी मी इथे?

बाबूभाई : गुरुजी, आमच्या धंद्यात जे पहिले चढते, ते आखरीले उतरते. पेटी पहिले चढली. तिकडं पार केबिनले चिकटून हाय, गाद्यांच्या मांगं. बाईनं उभं राहून चढवली.

गुरुजी : मग मघापासून बोलला का नाहीस?

बाबूभाई : बाईनं कसम घातली होती. म्हणल्या, 'बाबू, सगळं उतरेपर्यंत ते एकदाबी परत चल म्हणले नाईत, तं माही पेटी उतरवू नोको, वापस आन. समज, हट्टानं बसले हायत. हट्टी मानसासंग मी एकतीस वर्षं राह्यली, आता जंगलात कायले राहू? पन परत चल म्हणले, अन् तरीबी थांबले, तं पेटी उतरव.'

गुरुजी : मी म्हणालो होतो.

बाबूभाई : वटवाघुळानं तुमाले पास केलं, गुरुजी. अन् त्या कपाटानं.

गुरुजी : कपाट तर नशिबानं अडकलं.

बाबूभाई : नशीब कायचं? जात नाई, हे बाईले पहिलेच माहीत होतं. मी म्हणलं, मंग चढवू कायले? तं म्हणल्या, 'चढव. ते अडकल्याबिगर मास्तर हार मानत नाईत.'

गुरुजी : तिला कसं माहीत?

बाबूभाई : संक्रांतीच्या टायमाले तुम्ही घर दाखवाले आनलं ना त्याईले? तुम्ही किल्ल्याचा बुरूज समजावून सांगत होते म्हणे. तवा बाई दार मोजून राह्यल्या होत्या. वितीनं.

(गुरुजी चौकटीवर हात ठेवून उभे राहतात.)

मंगलीबाई : मास्तर! चला लवकर, बाईचा फोन आला! पोरगा धरून बसला हाय!

बाबूभाई : जा, गुरुजी. मी पेटी काढतो. कुठी ठेवू? माजघरात का खोलीत?

गुरुजी : थांब जरा. तिला विचारून येतो.