लिटरभर पाणी

टोकियोतल्या फुनाबोरीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी मराठीत बोलत होत्या. एक सत्तरीच्या काकू, दुसरी त्यांच्या शेजारची नयना.

"काकू, ते संशोधक आले होते ना घरी?"

"आले होते. सुटकेसएवढं मशीन जेवणाच्या टेबलावर मांडलं. बोलताना जीभ कशी हलते, ते बघायचं होतं त्यांना."

"लॅबमध्ये का नाही बोलावलं?"

"तिथे माणसं बुजतात म्हणे. एकेक शब्द जपून बोलतात."

"तुम्ही नाही बुजलात?"

"बुजायला वेळ कुठे होता? सून म्हणाली, सोनोग्राफी आहे. मी आधीच लिटरभर पाणी पिऊन बसले. पुण्यात तसंच सांगतात."

"अहो, ते पोटाच्या सोनोग्राफीला."

"हनुवटीखाली जेल लावल्यावर कळलं मला."

"मग उठून बाथरूमला जाऊन यायचं."

"चार माणसं खोळंबलेली, कसं सांगणार? म्हणाले, एखादा पदार्थ कसा करतात ते सांगा. मी उकडीचे मोदक सांगितले. पिठी चाळण्यापासून केळीच्या पानावर वाढेपर्यंत, दीड मिनिटात."

"बापरे. मग?"

"त्या संशोधकांतल्या ओकादा-सान पडद्यावरून नजर काढेनात. म्हणाल्या, दोन वर्षांत चाळीस माणसं तपासली, इतकी मोकळी जीभ कुणाची दिसली नाही. उद्या त्सुकुबाहून त्यांचे सर स्वतः येतायत, माझी जीभ बघायला."

"वा, काकू. आणि उद्या नीट बसा हं, पाणीबिणी न पिता."

"छे गं. उद्या दीड लिटर पिणार आहे."