परक्या हाताची किटली

— नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू हिंत्सेबाई, ती आमच्या शाळेची आहे. दिसायला देखणी, एकीवर एक रचून ठेवता येतात, फक्त बसता येत नाही. इकडे सोफ्यावर या. हां. तर काय म्हणत होतो मी? लोमन. तुमचा तो एकार्ट लोमन खोटं बोलतोय. झालं! तुम्ही हानोव्हरहून एवढ्या लांब एल्मरोडाला आलात, एवढे जिने चढलात, आणि मी केक कापायच्या आतच बोलून बसलो. माझं हे असंच. आधी बोलायचं आणि मग रात्रभर कूस बदलत राहायचं — जास्त बोललो का, चुकीचं बोललो का. घ्या, आलुबुखाराचा आहे, खालच्या बाईंनी केलाय, मला नाही येत. ते यंत्र चालू आहे का? असू दे. नाही, भीती कसली आता, शहाऐंशी झाली. सवय आहे म्हणून विचारलं. आमच्या देशात — जो आता नाही — यंत्र चालू आहे का ते विचारायची पद्धत नव्हती, ते असतंच असं धरून चालायचं.

इतिहास हवाय ना शाळेचा? शंभर वर्षं झाली म्हणून एवढं मोठं प्रदर्शन भरवताय, तर घ्या. पहिलं महायुद्ध संपलं, ड्यूक पळाला, घोडे विकले गेले, आणि बोर्खर्ट नावाचा एक कुंभार पोरापोरींचं लटांबर घेऊन ड्यूकच्या रिकाम्या तबेल्यात शिरला. म्हणे, आपण अशा वस्तू करू की गिरणीकामगाराच्या टेबलावर आणि राजाच्या टेबलावर एकच किटली दिसेल. राजा तर उरलाच नव्हता, आणि कामगाराला हवी होती गुलाबाची फुलं काढलेली. गावाने पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं — मुली केस कापतात, पँट घालतात, उघड्यावर नदीत पोहतात! मग तेहतीस साल आलं. त्या लोकांनी विचारलं, छप्पर सपाट का? सपाट छप्पर जर्मन नाही म्हणे. बोर्खर्ट मास्तरांना हाकललं, वर उतरतं कौलारू छप्पर चढवलं, आणि आत बिल्ले आणि पदकं घडवायला सुरुवात झाली. कोण घडवत होतं? आमचेच विद्यार्थी. आणि चांगली घडवत होते हो, कडा अगदी साफ! हे तुमच्या प्रदर्शनात आहे का? एक कोपरा आहे? बरं. कोपरा तर कोपरा. दुसरं युद्ध संपल्यावर मास्तर परत आले, छप्पर पुन्हा सपाट केलं, आणि ते त्या हिवाळ्यापासून जे गळायला लागलं ते शेवटपर्यंत. मग पक्षाचे लोक आले. त्यांनी विचारलं, फुलदाणीवर फूल का नाही, श्रमिकांना फुलं आवडतात. मास्तर म्हणाले, फूल आत ठेवायचं असतं. त्या एका वाक्यासाठी त्यांना निवृत्त केलं. आणि नव्वदनंतर तुमच्याकडचे तीन प्राध्यापक आले, मऊ बूट घातलेले, शाळेची तपासणी करायला. त्यांनी काहीच विचारलं नाही. आमच्या पाहुण्यांमध्ये तेवढेच सभ्य. मला कालबाह्य ठरवलं, शाळा दुसऱ्या मोठ्या शाळेत विरघळवून टाकली, कॉफीत साखर ढवळावी तशी, आणि तबेल्यात आता हॉटेल आहे. घोड्यांच्या जागी लोक टॉवेल गुंडाळून घाम गाळत बसतात. मी फार कडवट बोलतोय का? आनेग्रेट म्हणायची, लोथार, तुझ्या जिभेवर मध ठेवला तर मधालाच वाईट वाटेल. आनेग्रेट म्हणजे माझी बायको. जाऊन चार वर्षं झाली.

हं, किटली. मुद्द्यावर येतो. आणलीये का तुम्ही? वा, हातमोजे घालून काढताय! बाई, ही किटली रेल्वेच्या कँटीनमध्ये, शाळांत, इस्पितळांत, पक्षाच्या सभांत, तीस वर्षं आपटली, धुतली, पुन्हा आपटली. हातमोजे काढा, तिला काही होत नाही. पांढरी, पोटाशी जरा फुगीर, तोटी आखूड — आणि हा कान. त्या कानामुळेच तुम्ही तिला पोस्टरवर घेतलीत. आणि खाली लिहिलंत, एकार्ट लोमन, एकोणीसशे एकसष्ट. आणि त्याने दिलेली ती गोष्ट — लहानपणी, युद्ध संपता संपता, शेतात सापडलेल्या कसल्याशा स्फोटकाच्या टोपणाशी खेळताना उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि पुढे त्याने आपल्या जखमी हाताला बसेल अशी किटली केली, आणि सगळ्या देशाने ती आपलीशी केली. सुंदर गोष्ट आहे. मीही वर्तमानपत्रात वाचली. वाचून हसलो. एकटाच, स्वयंपाकघरात. कारण ही गोष्ट आमच्या शाळेतला कुणीही ऐकेल ना, तर पहिल्या वाक्याला म्हणेल, हा माणूस तिथे शिकला तरी नसावा, नाहीतर आपण काय बोलतोय ते विसरला असावा.

सांगतो. मातीकामाच्या वर्गात शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक ओतायचं भांडं करायचं. बोर्खर्ट मास्तरांपासूनची रीत. ते भांडं एका माणसाच्या हातासाठी करायचं — जगासाठी नाही, 'वापरणाऱ्या'साठी नाही, एका खऱ्या, ओळखीच्या हातासाठी. आईच्या, मित्राच्या, दूधवाल्याच्या, कुणाच्याही. फक्त आपल्या स्वतःच्या नाही. आणि कुणाच्या ते कुणाला सांगायचं नाही. मास्तरांचं म्हणणं, स्वतःचा हात प्रत्येकाला कळतो, त्यात शिकायचं काय? दुसऱ्याचा हात कळायला त्याच्याकडे महिनोन्महिने बघावं लागतं. तर स्वतःच्या हातासाठी भांडं केलं की नापास. त्यावर चर्चा नाही. मास्तर गेले तरी रीत राहिली, आमचे कार्यशाळाप्रमुख प्र्योल होते, ते प्रत्येक पोराचा हात ओळखून होते, भांडं बघताच सांगायचे, हा तुझाच अंगठा, जा, माती भिजव पुन्हा. आणि प्र्योलनी ही किटली पास केली. म्हणजे ज्याच्या हाताला ती बसते, त्याने ती केलेली नाही. लोमनच्या हाताला ती बसते. झालं की नाही? दोन वाक्यांचा मामला आहे. मग कुणी केली? आनेग्रेटने केली. त्या वर्षी त्या वर्गात होती ती. लिहा.

प्र्योलना विचारता येईल का? नाही, कधीच वारले. नावं फक्त त्यांनाच माहीत असायची. परीक्षेला भांड्यांवर नुसते आकडे, आणि पास झालेलं भांडं कारखान्याकडे जायचं ते 'सामूहिक' म्हणून. नाव लावणं म्हणजे अहंकार, असा काळ होता. परीक्षा कशी व्हायची माहीत आहे? डोळे बांधून. तीन परीक्षक, डोळ्यांवर रुमाल, आणि प्रत्येकाने गरम कॉफी कपात ओतायची. बघून नाही, हाताने ठरवायचं. मी होतो त्या तिघांत! हो, मीच. कलेचा इतिहास शिकवणारा, नुकता डॉक्टर झालेला, जन्मात कधी मातीला हात न लावलेला. ही किटली हातात आली आणि मला कळेचना. मधल्या दोन बोटांना जागाच नाही, कानाच्या आतून हा फुगवटा — बघा, बोट फिरवा — इथे. मी जोर केला आणि सगळी कॉफी माझ्या पँटवर. मांडी भाजली. वर्ग खदाखदा हसला आणि मी रुमालाआडून ओरडलो, नापास! बाकी दोघांनी पास केली, प्र्योलनी हो म्हटलं. का, ते मला नंतर समजलं. थांबा, पाणी भरतो तिच्यात. आता धरा बरं तुम्ही. अशी नाही. हे मधलं बोट आणि शेजारचं, दोन्ही मुठीत दुमडून घ्या. नसल्यासारखी. आता त्यांची पेरं फुगवट्याला टेकवा. ओता. ओता हो, पाणीच आहे. बघितलंत? थेंब सांडला नाही. कँटीनमधल्या बायका पहिल्यांदा शिव्या घालायच्या, मग आपोआप बोटं दुमडायला लागल्या. सगळ्या देशाने शिकून घेतलं. तीस वर्षं एक अख्खा देश रोज सकाळी आपला हात लोमनच्या हातासारखा करून कॉफी ओतत होता आणि —

काय म्हणालात?

नाही. म्हणजे, हो, तसा प्रश्न येतो खरा. केली आनेग्रेटने, तर लोमनच्याच हातासाठी का. वर्गमित्र होते. शेजारी बसायचे. दोन बोटं नसलेला हात रोज समोर, अवघड हात, विद्यार्थ्याला आव्हान वाटणार. मीही हेच म्हणत आलोय. स्वतःशी. इतकी वर्षं. हे बघा, लोमनने नियम मोडला असेल, प्र्योलनी डोळेझाक केली असेल, तेही शक्य आहे, मी काही तिथे मागे उभा नव्हतो. माझ्याजवळ पुरावा काय? एक रीत. एक भाजलेली मांडी. मी कुठलीही गोष्ट ठामपणे सांगितली की मला लगेच तिची दुसरी बाजू दिसायला लागते, माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं. परीक्षा जूनमध्ये झाली. जुलैअखेर लोमन बर्लिनला जातो म्हणून गेला तो पलीकडेच गेला. ऑगस्टात भिंत उभी राहिली. आनेग्रेटचीही पिशवी भरलेली होती का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आम्ही दोन वर्षांनी लग्न केलं, तिने 'हो' म्हणायला जरा वेळ घेतला, मी समजलो लाजते आहे. आनेग्रेट आणि लाजणार!

घरात ही किटली कधी आली नाही. एवढी स्वस्त, प्रत्येकाकडे असायची, आमच्याकडे नाही. मी एकदा आणली तर म्हणाली, मला नाही जमत ती धरायला. अख्ख्या देशाला जमायची! आणि मी मूर्ख, खूश झालो. वाटलं, हिलाही आवडत नाही, माझ्यासारखीच. मग चार वर्षांपूर्वी, इस्पितळात. जुनी भांडी ते लोक टाकत नाहीत, ढकलगाडीवर हीच किटली आली. आनेग्रेट तेव्हा बोलायची थांबली होती. नर्सने किटली जवळ ठेवली, आणि हिने हात बाहेर काढला. मला वाटलं पाणी हवंय. मी कप पुढे केला. तिने कपाकडे बघितलंही नाही. किटलीच्या कानात बोट घातलं आणि हा फुगवटा चाचपला, हळूहळू, असं — तान्ह्या बाळाच्या हिरडीवर दात आलाय का बघतात ना, तसं. माझा हात त्याच पलंगावर होता, हिंत्सेबाई. वीतभर अंतरावर. हा हात. चौपन्न वर्षं समोर होता तिच्या. बरा आहे की, पाचही बोटं शाबूत आहेत. याच्यासाठी तिने एक भांडं केलं नाही. कपसुद्धा नाही. लग्नानंतर तिने चाकच सोडलं, नकाशे काढायच्या कचेरीत गेली, आणि मी सगळ्यांना सांगायचो, संसारामुळे.

हसू नका. हसत नाही आहात? मग डोळे का चमकताहेत तुमचे? ओळखतो मी ते. प्रदर्शनवाल्यांचे डोळे. ही गोष्ट त्याच्या गोष्टीपेक्षा छान आहे, नाही का? सोडून गेलेला प्रियकर, मागे राहिलेली मुलगी, मधे भिंत, आणि देशभर किटल्या! लोक रांगा लावतील. आणि कोपऱ्यात मी, मांडी भाजलेला, नापास म्हणून ओरडणारा. नाही, मी चिडलो नाही. मला तीन वाक्यांत तुम्हाला वाटेला लावायचं होतं: लोमन खोटारडा, किटली माझ्या बायकोची, नमस्कार. तुम्ही तो एक प्रश्न विचारायला नको होता. नाही, तुम्ही विचारणारच, तुमचं कामच आहे ते. मी मेल्यावर मग विचारायला कुणी उरलं नसतं. लोमन म्हणतो तेच राहिलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं, आणि मलाही बरं पडलं असतं. हे बोललो का मी? बोललो. चालू आहे ना यंत्र? असू दे.

त्याला माहीत असेल का? लोमनला? की ही त्याच्यासाठी केलेली आहे? पहिल्यांदा हातात घेतली असेल तेव्हा कळलंच असणार, एवढा काही तो ठोंब्या नाही. आणि तरी म्हणतो, मी केली. ती नव्हती केली त्याने, ती मिळाली होती त्याला. इतकी वर्षं मिळालेली होती, आणि त्याला ती मालकीची करून घ्यावीशी वाटली. मी त्याच्या जागी असतो तर... असो. मी त्याच्या जागी नव्हतो. तेवढी एक गोष्ट मला नक्की ठाऊक आहे.

लिहून घ्या. नको, पुसू नका, आधीचं राहू दे. नावाच्या जागी आनेग्रेट. आडनाव? माझं नको. एकसष्ट साली माझी कुठे होती ती. आनेग्रेट पोल. प-ओ-ल, तिच्या वडिलांचं, तेच लावा. आणि कुणाच्या हातासाठी ते विचारतील लोक, तर सांगा, रीतच आहे, सांगायचं नसतं. सांगितलं तरी माझी हरकत नाही. नाही — आहे. तुम्ही ठरवा. नाही, तुम्ही नका ठरवू. नुसतं नाव लिहा. पोल.

केक तसाच राहिला तुमचा. बांधून देऊ? नको? मग या आता. उठा, बाई. खरंच या.