छतावरची फुली

या बाप्पा, अंमळ जवळ सरका. कीर्तन उभं राहायला वेळ आहे, तोवर ब्याऐंशी सालची गोष्ट ऐका. भिलाईच्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत आपल्या गावच्या रुक्माबाई उभ्या होत्या. त्यांच्यापुढे बळीराम, कोळसा खाणीत छत तपासणारा सरदार. खाणीत छत कोसळून धोंडबा नावाचा कामगार मेला होता; तेवढ्यात त्याबद्दलचा कागद घेऊन खाणीचा बाबू आला.

"बळीराम, सही करून दे. धोंडबा आपल्या मनानंच त्या छताखाली गेला, एवढंच लिहिलं आहे."

"वा बाबूजी! वीस वर्स कोळसा काढणारा माणूस आपल्या मनानं मरायले गेला?"

"तो तर गेला. तू आपली नोकरी पाय."

"म्या काठीनं छत ठोकलं, ते पोकळ वाजलं. लाल खडूनं ही मोठी फुली मारली. फुलीखाली खाणीतलं कुत्रं बी जात नाही!"

"फुली कोनं पायली?"

"तुमच्या साहेबानं! त्यानंच रुमालानं पुसली. मले दुसऱ्या टोकाले धाडलं, अन् धोंडबाले म्हणे, चल, छत पक्कं आहे."

"हळू बोल ना, लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या! आत त्याची बायको कलावती बसली आहे. तिले वाचून दाखवता का हा कागद?"

"सही कर, नाहीतर उद्यापासून घरी बस."

"आणा इकडे."

बळीरामनं कागद भिंतीला लावला, खिशातून लाल खडू काढला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली ओढली.

"आता ही पुस म्हणा तुमच्या साहेबाले."

रांग पुढे सरकली, रुक्माबाई मात्र त्या लाल फुलीकडे पाहत तिथंच राहिल्या. तर बाप्पा, आज आरतीला हात जोडाल तेव्हा धोंडबाचं नाव तेवढं घ्या.