शेंदराखालचं कमळ

हॅलो?… हॅलो! कोण, प्रेमा? अगं, मोठ्याने बोल, दिल्लीहून नुसती खरखर येतेय… हो, मी चंद्रकांताच. निकोलसच्या ओटीवर उभी आहे. आळीत फोन त्याच्याकडेच ना!

काय? पाहुणे?… रविवारी? आणि काय बघायला?… शी! सोपाऱ्यात काय उरलंय गं बघायला!

हो, हो… होती राजधानी. अपरांताची, त्या जुन्या कोकणाची. ठाऊक आहे मला! तुझ्या दिल्लीवाल्यांना सांग, स्तूपावर आता गोधड्या वाळत घालतात. आणि आडोशाला… नको विचारू. नाकाला पदर लावून जावं लागतं.

कुठलं कमळ?… आपल्या वाडीतल्या दगडावर कोरलेलं? आजोबांना विहीर खणताना मिळालेलं?… अगं ऐक ना. आपल्या भाऊरायाने, दिवाकरने वाडी बिल्डरला दिली, तेव्हा तूच म्हणालीस ना, दगड फोडतील, त्याला शेंदूर फास, मग कोणी हात लावत नाही?… हो, तूच! फासला मी. पहाटे, केळींच्या आडून, चोरासारखी.

नाही गं, फोडला नाही… फोडला असता तर एकदाच रडले असते! देऊळ बांधलं त्याच्यावर. बिल्डरने! 'जागृत स्थान' अशी पाटी. न्हाणीघराच्या गुलाबी लाद्या लावल्यात चहूकडून. त्याच्या नव्या चाळीतल्या देवळाकडच्या खोल्या हातोहात विकल्या गेल्या… हसतेस काय? कमळावर चांदीचे डोळे चिकटवलेत, प्रेमा. मिशीसुद्धा!

पुसून काढू?… गेले होते ना! रॉकेल आणि चिंधी घेऊन. एक पाकळी निघाली… एकच. काय सुबक गं! तेवढ्यात शेजारची रंभा किंचाळली, "देव पुसते, देव पुसते!" सगळी चाळ अंगावर आली. सोडवलं कोणी? आपल्याच दिवाकरने. म्हणाला, "ताईच्या अंगात येतं"… हो, अंगात! माझ्या!

तेव्हापासून मान माझा. रोज संध्याकाळी नवा थर, माझ्याच हाताने. शिसारी येते गं, जेवताना हाताला वास येतो त्याचा…

नको, पाहुण्यांना आणू नकोस. काय दाखवू? मिशी?… थांब, घंटा वाजली. बोलावतायत… प्रेमा, एक सांग. लवकर सांग. पाकळ्या किती होत्या गं? लहानपणी आपण बोट फिरवून मोजायचो… मला आठवतच नाही आता… किती? ऐकू नाही आलं… हॅलो? प्रेमा?… हॅलो?…

गेला.

…हो रे, आले, आले! शेंदूर कालवलात का?