परीक्षकांच्या टकलावरचं गंगाजल

मी धार्मिक नाही असं म्हणू नका, बनारसला इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल मी गंगामाईच्या नावावर पास झालोय.

डक्टमधल्या, म्हणजे पत्र्याच्या लांब नळकांड्यातल्या, हवेचा वेग मोजायचा होता. पंखा लावला की यू आकाराच्या काचेच्या नळीत पाणी एका बाजूला चढतं, त्या फरकावरून वेग काढायचा. मी नळी काठोकाठ भरली. पंखा लावला आणि पाणी थेट वाकून बघणाऱ्या परीक्षकांच्या टकलावर.

"फेल कर दूँगा," म्हणत त्यांनी रुमाल काढला. "कहाँ का पानी है ये?"

"गंगाजी का, सर."

रुमाल टकलाजवळ थांबला. "घर कहाँ है?"

"रामघाट. पिताजी पुरोहित हैं."

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, पाणी हाताने डोक्यावर नीट पसरवलं, डोळे मिटले आणि मला पास केलं.

मी खोटं काहीच बोललो नाही. पाणी लॅबच्या नळाचं होतं, आणि बनारसच्या नळाला गंगेचंच पाणी येतं.

फक्त जाताना त्यांनी घरच्यांसाठी बाटलीभर मागितलं, तेव्हा मी नळ आधी धुऊन घेतला.