बंद बटणाचं बिल

भाडेकरू : …आणि हे रविवारचं. सकाळी सातपासून सगळं बंद ठेवलं, फ्रिजसुद्धा. दर तासाला मीटर वाचला. तासाला पाऊण युनिट, सहाही वेळा. बघा ना काका, वहीत लिहिलंय.

घरमालक : वह्या आयुष्यभर बघितल्यात, बाई. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटं सांभाळली मी. पोरं आधी उत्तर लिहायची आणि मग त्यात आकडे बसवायची.

भाडेकरू : मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिथे आकडे बसवले तर माणूस जातो.

घरमालक : ते असू दे. करारात काय लिहिलंय? विजेचं बिल भाडेकरूने भरायचं. मजकूर माझ्या मुलाचा, पण सही तुमची.

भाडेकरू : वापरलेल्या विजेचं भरतेच आहे. दोन माणसं, एक पंखा, तीन दिवे आणि गुडघ्याएवढा फ्रिज. आणि बिल माझ्या अर्ध्या पगाराएवढं? दोनदा भरलं मुकाट्याने. तिसरं नाही जमणार.

घरमालक : गीझर चालू राहत असेल. तुमच्या आईंचं वय झालंय, विसरत असतील.

भाडेकरू : आईचा हात पोचत नाही बटणापर्यंत. मीच बंद करते. चपला घातल्यावर पुन्हा मागे येऊन बघते.

घरमालक : मग मीटरमध्ये भूत शिरलंय म्हणा.

भाडेकरू : म्हणून तर वायरमनना बोलावलं. दादा, दिसलं का काही?

वायरमन : गीझरचं झाकण काढलंय. ताई, बटण बंद आहे ना?

भाडेकरू : बंद आहे.

वायरमन : काका, जरा आत या. हा टेस्टर बघा.

घरमालक : पेटलाय.

वायरमन : बटण बंद, तरी पेटलाय. कुणा शहाण्याने फेज सरळ गीझरला नेलीय आणि बटण न्यूट्रलवर बसवलंय.

भाडेकरू : म्हणजे?

वायरमन : वीज येते त्या वाटेवर फाटक हवं, ताई. इथे फाटक परतीच्या वाटेवर आहे. आणि आतली कॉइल फुटलीय, त्यामुळे विजेला परत यायची गरजच उरली नाही. टाकीतून जमिनीत उतरते. बटण दाबा नाहीतर उपटून फेका, मीटर पळणारच.

भाडेकरू : तरीच पाणी सारखं कोमट यायचं. मला वाटलं, गच्चीवरची टाकी उन्हाने तापते.

वायरमन : जमिनीतही धड उतरत नाही म्हणा. अर्थिंग अर्धवट आहे. नळाला हात लावला की झिणझिण्या येत असतील.

भाडेकरू : मला नाही येत. मी रबरी चप्पल घालून जाते.

वायरमन : आणि आजी?

भाडेकरू : अनवाणी.

वायरमन : मग त्यांना येत असणार.

भाडेकरू : रोज म्हणते, नळ चावतो गं. दोन महिन्यांपासून म्हणतेय. डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या. आणि मी तिला समजावत बसले, वयाने होतं म्हणून.

वायरमन : बिलाचं सोडा, ताई, माणूस वाचलं ते बघा. कुणी केलीय ही जोडणी? हात मोडायला हवेत त्याचे.

घरमालक : मी केलीय.

वायरमन : काका, मला तसं म्हणायचं नव्हतं…

घरमालक : म्हण की. शाळेत सरांच्या टेबलावरची सगळी सर्किटं मीच जोडायचो. सर यायचे, बटण दाबायचे, दिवा लागायचा. एकदाही फजिती झाली नाही. म्हटलं, घरच्या कामाला वायरमन कशाला? लाल वायरचं एकच बंडल उरलं होतं, म्हणून दोन्ही वायरी लाल. कुठली कुठली, ते मला ठाऊक होतं ना.

वायरमन : बॅटरीच्या सर्किटमध्ये बटण कुठेही बसवलं तरी चालतं, काका.

घरमालक : हो. तिथे चालायचं.

भाडेकरू : काका, आत्ता बोललात तेवढंच कागदावर लिहून द्या. दुसरं काही नको.

घरमालक : माझ्या कागदाला कोण विचारतो? घर मागच्या वर्षीच मुलाच्या नावावर केलं. मी खालच्या खोलीत राहतो तो त्याच्या मर्जीने. थांबा, त्याला फोन करून बघतो.

(घरमालक बाहेर जाऊन फोनवर बोलतात आणि मिनिटाभरात परत येतात.)

भाडेकरू : काय म्हणाले?

घरमालक : पहिलं वाक्य, पप्पा, तुम्ही कुणासमोर कबूल केलं नाहीत ना?

भाडेकरू : आणि बिलाचं?

घरमालक : उद्यापर्यंत भरलं नाही, तर डिपॉझिटमधून कापणार. आणि एक तारखेला खोली रिकामी हवी. दुसऱ्या लोकांकडून विसार घेऊन बसलाय तो. मला आत्ता कळलं, शपथ.

भाडेकरू : बिल भरलं तर पुढच्या खोलीचं भाडं नाही. नाही भरलं तर डिपॉझिट नाही. आईला घेऊन जाऊ कुठे मी? दादा, तुम्ही तरी लिहून द्या. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत.

वायरमन : ताई, काकांच्या मुलाच्या चार बिल्डिंगा आहेत. चारींची कामं माझ्याकडे. तोंडी कुणीही विचारू दे, सांगेन. कागद नको.

भाडेकरू : तोंडी कोण विचारायला येणार आहे?

वायरमन : वीज ऑफिसात अर्ज टाका. त्यांचा माणूस येऊन तपासतो.

भाडेकरू : किती दिवसांत?

वायरमन : तीन आठवडे धरा. आणि तोवर जोडणीला हात लावायचा नाही. लावलात तर म्हणतील, तुम्हीच उचकटली.

भाडेकरू : आज वीस तारीख. त्यांचा माणूस येईल तेव्हा इथलं दार उघडायला मी नसेन.

वायरमन : मग फोटो काढून ठेवा.

भाडेकरू : मघाशीच काढले. दोन लाल वायरी दिसतात. वीज कुठून कुठे जाते, ते फोटोत येत नाही.

वायरमन : खरंय. निदान फ्यूज तरी काढून ठेवा, आजींसाठी.

भाडेकरू : अख्ख्या खोलीला एकच फ्यूज आहे.

घरमालक : तेही मीच केलंय.

भाडेकरू : दादा, हे सरळ करायला किती वेळ लागेल?

वायरमन : गीझर तोडून बाजूला करायचा, वायरी बदलायच्या. अर्धा तास.

घरमालक : पोरी, घाई करू नकोस. एकदा सुधारलं की तुझ्याकडे दाखवायला काही म्हणजे काही उरणार नाही. मी बोललो ते उद्या नाकारीन. नाकारावं लागेल मला. आत्ताच सांगून ठेवतो.

भाडेकरू : कळलं मला.

घरमालक : मग असू दे ना तसंच. भांड त्याच्याशी. दहा दिवस आहेत. कुणीतरी ओळखीचं काढ, वकील बघ.

भाडेकरू : आणि दहा दिवस तिला काय सांगू? हात धुऊ नकोस?



वायरमन : काय करू, ताई? तुम्ही सांगाल तसं.

भाडेकरू : आई शेजारी गेलीय. पाचला येते, आल्या आल्या आधी नळापाशी जाते. सव्वाचार झालेत, दादा. करा सुरू.